नेम चुकतो तो कुठे?

२०२३ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. शांघायला धनुर्विद्येच्या जागतिक चषकाचा एक टप्पा चालू होता आणि कंपाउंड धनुष्याच्या गटात पुरुषांचा अंतिम सामना लागला होता. एका बाजूला हॉलंडचा माइक श्लोसर, जागतिक क्रमवारीत पहिला. या गृहस्थाने २०१५ साली फ्रान्समधल्या नीम शहरी, छपराखालच्या एका स्पर्धेत, अठरा मीटरवरून साठ बाण सोडले आणि साठच्या साठ दहाच्या वर्तुळात घातले. सहाशेपैकी सहाशे! मंडळी त्याला ‘मिस्टर परफेक्ट’ म्हणतात ते उगाच नव्हे. दुसऱ्या बाजूला आपल्या बुलढाण्याचा प्रथमेश जवकार, वय वर्षे एकोणीस. प्रत्येकी पंधरा बाण सुटले. श्लोसरचे गुण झाले १४८. प्रथमेशचे १४९.

हा आकडा वाचून सोडून देण्यासारखा नाही. पन्नास मीटर म्हणजे क्रिकेटच्या जवळजवळ अडीच खेळपट्ट्या एकापुढे एक मांडाव्यात इतके अंतर. त्या टोकाला जे दहा गुणांचे वर्तुळ असते त्याचा व्यास आठ सेंटिमीटर. आपल्या घरातल्या चहाच्या कपाचे तोंड साधारण तेवढेच. तिथे बाण पोचवायचा, तोही आळीपाळीने, आणि प्रत्येक बाणाला वीस सेकंद. मी एकदा कागदावर त्रैराशिक मांडून पाहिले. वर्तुळाच्या मध्यावर धरलेला नेम डोळ्यापुढच्या हातभर अंतरावर पाऊण मिलिमीटर हलला, की तिकडे पन्नास मीटरवर बाण दहाच्या कडेला जाऊन नऊशी सलगी करू लागतो. पाऊण मिलिमीटर! छातीत एक ठोका जरा जोराने पडला तरी हात तेवढा हलतो.

म्हणजे मग या मुलाच्या छातीत ठोके पडतच नव्हते की काय?

हा प्रश्न माझा नव्हे. माझ्या भाचीचा. ताई आणि भाऊजी बुलढाण्याला असतात. मुलगी नववीत आहे आणि तिच्या हाती धनुष्य येऊन तीन वर्षे झाली. धनुष्याची किंमत ऐकली तेव्हा आमची आई म्हणाली होती, “अगंबाई, एवढ्यात दोन म्हशी आल्या असत्या दावणीला!” म्हशी आल्या नाहीत, धनुष्य आले. बुलढाण्याच्या घरांत हल्ली हे असे होते, आणि त्याला कारणही आहे. जिल्हा पोलीस दलातल्या मोनाली जाधव हिने २०१९ साली चीनमधील चेंगडू येथे भरलेल्या जागतिक पोलीस व अग्निशमन दलांच्या क्रीडास्पर्धांत धनुर्विद्येचे सुवर्णपदक आणले. तिचे गुरू चंद्रकांत इलग हेही पोलीस खात्यातलेच. मग प्रथमेशचे शांघाय झाले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत ओजस देवतळे, अभिषेक वर्मा आणि प्रथमेश या तिघांनी कोरियाला २३५ विरुद्ध २३० असे हरवून सांघिक सुवर्ण घेतले. धनुर्विद्येत कोरियाला हरवणे म्हणजे काय, हे त्या खेळातल्या माणसाला विचारावे. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडच्या मिश्र जोडीचा सामना प्रथमच घेण्याचे ठरले आहे. तेव्हा बुलढाण्यातल्या आईबापांनी म्हशींऐवजी धनुष्ये घेतली तर नवल नाही.

तर भाची. तिची अडचण अशी, की सरावात ती छत्तीस बाणांत ३६० पैकी ३४० गुणांपर्यंत सहज जाते. गेल्या वर्षीच्या स्पर्धेत तिला पडले ३०१. मी त्या दिवाळीला गेलो होतो. रात्री गच्चीवर बसलो असताना पोरीने सांगितले, “मामा, सरावात नेमाचा ठिपका पिवळ्यावर येतो, मी थांबते, मग हळूच रिलीज दाबते. स्पर्धेत ठिपका पिवळ्याला लागला न लागला, की हात आपोआप दाबून मोकळा होतो. मी दाबतच नाही. कोणीतरी दुसरंच दाबतं.”

तिच्या मागे भाऊजी डायरी आणि दुर्बीण घेऊन उभे असतात. प्रत्येक बाण टिपून घेतात. आठ पडले की “च्च्” करतात. ते ऐकू येते. “घाबरतेस काहून? घाबरायचं नाही!” हे त्यांचे वाक्य मी त्या चार दिवसांत नऊ वेळा मोजले. ताईने शेगावला पायी येईन असा नवस बोलून ठेवला आहे, आणि तो मुलीला सांगूनही टाकला आहे. माणसे प्रेमाने वागत होती यात शंका नाही. पण मला राहून राहून वाटले, की पोरीच्या हातातल्या धनुष्यावर निदान चार जणांचे हात आहेत.

परत आल्यावर मी या विषयावरचे जे हाती लागेल ते वाचीत सुटलो. त्यातले काही मौजेचे आणि काही डोळे उघडणारे निघाले.

पहिली गोष्ट सव्वाशे वर्षांपूर्वीची. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट नावाचे एक अभ्यासक होते. त्यांना सायकलच्या शर्यतींचा नाद. एकट्याने घड्याळाशी शर्यत लावणारा सायकलवाला आणि बरोबर कोणी असलेला सायकलवाला यांत दुसरा अधिक वेगाने जातो, हे त्यांनी आकड्यांवरून ताडले. मग चाळीस मुलांना मासेमारीच्या गळाची दोरी गुंडाळण्याचे चाक फिरवायला दिले, कधी एकटे, कधी जोडीने. १८९८ साली त्यांनी निष्कर्ष छापला. निम्म्या मुलांचा वेग जोडीदारामुळे वाढला. दहांच्या वेगात फारसा फरक पडला नाही. आणि उरलेली दहा मुले जोडीदार दिसताच अशी तापली, की हात आखडले, चाक अडखळले, वेग उलट कमी झाला. जगातल्या खेळाच्या मानसशास्त्राचा हा अगदी पहिल्या प्रयोगांपैकी एक. आणि त्यातच माझी भाची चार पिढ्या आधी बसलेली होती! लोक मात्र त्या प्रयोगातली पहिली वीस मुलेच लक्षात ठेवतात.

दुसरी गोष्ट उंदरांची. १९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोघांनी उंदरांना दोन पेट्यांपुढे उभे केले, एक पांढरी, एक काळी. चुकीच्या पेटीत शिरले की विजेचा झटका. पेट्यांमधला फरक ठसठशीत असला, काम सोपे असले, तर झटका जितका मोठा तितके उंदीर लौकर शिकले. पण प्रकाश कमी करून फरक ओळखणे अवघड केले, तेव्हा मोठ्या झटक्याने शिक्षण उलट मंदावले. मध्यम झटकाच सर्वांत गुणकारी ठरला. पुढच्या लोकांनी त्यावरून टेकडीसारखी एक रेघ काढली. अंगातली चेतना वाढेल तसा खेळ वर चढतो, माथ्यावर पोचतो आणि त्यापुढे घसरतो. मानसशास्त्रज्ञ त्या चेतनेला उद्दीपन म्हणतात; आपण साधे ‘तापणे’ म्हणू. आता खरे सांगायचे तर उंदीर काही जिल्हास्पर्धेला उतरले नव्हते, आणि त्या एका रेघेवर लोकांनी नंतर नको इतके इमले चढवले. पण तिच्यातली एक गोष्ट आजही टिकून आहे. काम जितके नाजूक, तितके थोडे तापलेले बरे.

हे पटवून घ्यायला मला प्रयोगशाळेत जाण्याची गरज पडली नाही. माझे शिक्षण घाटाखाली, खामगावला झाले. शाळेच्या कबड्डीच्या संघात मी चढाईला जात असे. सामन्याआधी आमचे व्यायामशिक्षक आम्हा सातही जणांना रांगेत उभे करून पाठीवर असा एक सणसणीत हात ठेवीत, की डोळ्यांपुढे काजवे चमकत. त्या काजव्यांच्या उजेडात मी कित्येक गुण आणले आहेत! वजन उचलणारे पहिलवान मंचावर येण्यापूर्वी अमोनियाची कुपी हुंगतात, त्यांचे गुरू त्यांना थोबाडीत मारतात, तेही याच जातीचे. मोठे स्नायू, एकच जोर, क्षणाचा खेळ. तिथे भट्टी पेटलेली हवी.

पण हाच मी कॅरममध्ये पाहा. आमच्या वसाहतीच्या गणेशोत्सवातला अंतिम सामना, भोवती वीस माणसे. राणी मी सुरेख घेतली. कव्हरची सोंगटी होलच्या तोंडाशी, चार वर्षांच्या मुलानेही फुंकून घातली असती अशी. कोणीतरी मागून म्हणाले, “आता गेलाच समजा!” आणि स्ट्रायकर माझ्या बोटातून असा निसटला, की सोंगटीला स्पर्शही न करता सरळ होलात! राणी परत मधोमध. माझी ही अब्रू बायकोने अजून जपून ठेवली आहे. पाहुणे आले की बाहेर काढते.

एकच माणूस, एकच छाती, तेच ठोके. कबड्डीत त्यांनी मला उचलले आणि कॅरममध्ये बुडवले. याचे कारण शरीरातच आहे. धास्ती वाटली, की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ॲड्रेनलीन सोडतात. हृदय धावू लागते, रक्त मांड्यांकडे आणि दंडांकडे वळते, बोटांची टोके गार पडतात, हातांना बारीक कंप सुटतो. वाघ समोर आला तर पळायला किंवा झुंजायला ही तयारी उत्तमच. मात्र बोटांनी करायच्या कामाचे त्यात नुकसान. शिवाय लक्षही आक्रसते. ईस्टरब्रुक यांनी १९५९ साली हे फार चांगले मांडले. माणूस गार असला, की त्याला सगळेच दिसते, चहावाला, कुत्रे, प्रेक्षकांतली आत्या. थोडा तापला, की आत्या गळते आणि कामाचे तेवढे उरते. आणखी तापला, की कामाचेही गळू लागते. धनुर्धारी वाऱ्याच्या पताकेकडे पाहायचे विसरतो, धनुष्यावरच्या पातळीच्या बुडबुड्याकडे पाहायचे विसरतो. पिवळा ठिपका तेवढा डोळ्यांत मावतो आणि तोही भलताच मोठा.

धनुर्विद्येत हे आता डोळ्यांनी पाहता येते. टोकिओचे ऑलिंपिक २०२१ साली झाले, तेव्हा खेळाडूंच्या चेहऱ्यावर कॅमेरा रोखून, अंगाला काहीही न लावता, त्यांच्या हृदयाचे ठोके दूरदर्शनच्या पडद्यावर दाखवीत होते. महिलांच्या अंतिम सामन्यात कोरियाची आन सान आणि रशियाची येलेना ओसिपोवा बरोबरीत आल्या. निर्णय एकेका बाणावर. पडद्यावर आकडे झळकले, आन सान ११८, ओसिपोवा १६७. बाण सुटले. आन सानचा दहा, ओसिपोवाचा आठ. पुढे अभ्यासकांनी त्या स्पर्धेतले असे सगळेच आकडे गोळा करून ताळा घातला. ज्या बाणाआधी ठोके अधिक, त्या बाणाला गुण कमी पडण्याकडे कल दिसला.

पण मंडळी, त्या ११८ कडेही जरा पाहा. ते काही झोपेतले ठोके नव्हेत. स्वस्थ बसलेल्या तरुण माणसाचे साठ ते ऐंशीच्या घरात असतात. म्हणजे जगज्जेती मुलगीही घाबरलेली होती, निदान तापलेली तरी होतीच. भाऊजींचे “घाबरायचं नाही” हे वाक्य ऑलिंपिकच्या सुवर्णपदकवालीलाही पाळता आलेले नाही!

ठोके कमी करायची औषधे आहेत. रक्तदाबाच्या रोग्यांना देतात त्यांतली काही गोळी घेतली, की हात स्थिर होतो. म्हणूनच नेमबाजीत आणि धनुर्विद्येत ती निषिद्ध आहेत. २००८ साली बीजिंगला उत्तर कोरियाच्या किम जोंग सू या पिस्तुलवाल्याची एक रौप्य आणि एक कांस्य अशी दोन पदके याच जातीच्या प्रोप्रॅनोलॉल नावाच्या गोळीपायी काढून घेतली. याचा अर्थ असा, की छातीतली धडधड सहन करणे हा या खेळाचा नियमानेच ठरलेला भाग आहे.

आता स्वभावाकडे वळू. घरोघरी एक वाक्य ऐकू येते, “आमची पहिली मुळातच भित्री, दुसरी बिनधास्त.” चार्ल्स स्पिलबर्गर या मानसशास्त्रज्ञाने या बाबतीत एक उपयुक्त फोड केली. एक धास्ती स्वभावात मुरलेली, उंचीसारखी किंवा रंगासारखी. दुसरी त्या त्या वेळेपुरती, तापासारखी चढणारी आणि उतरणारी. ज्याच्यात पहिली जास्त, त्याला दुसरी लौकर चढते हे खरे. पण चढलीच पाहिजे असे नाही, आणि चढली म्हणजे खेळ बिघडलाच असेही नाही. आयसेंक यांचे म्हणणे असे, की अबोल, अंतर्मुख माणसाच्या मेंदूत मुळातच जाग अधिक असते, म्हणून त्याला गोंगाट सोसत नाही. बोलक्या माणसाची भट्टी उलट थंड, तिला बाहेरून फुंकर लागते. मला हे अर्धे पटते. आमच्या कबड्डीच्या संघातला सर्वांत अबोल मुलगा पकडीला सर्वांत भयंकर होता. स्वभावाच्या पाट्या चिकटवून कोण चमकेल हे सांगू पाहणाऱ्यांची आजवर बहुधा फजितीच झाली आहे.

मला अधिक पटला तो युरी हानिन या रशियन शास्त्रज्ञाचा मार्ग. त्याने खेळाडूंना सोपा प्रश्न विचारला. तुम्ही तुमच्या आयुष्यातला उत्तम खेळ खेळलात, त्या दिवशी तुम्हांला किती धास्ती वाटत होती? उत्तरे आली ती अगदी तऱ्हेतऱ्हेची. कोणी म्हणाला, मी बर्फासारखा थंड होतो. कोणी म्हणाला, मला सकाळी उलटी झाली होती! एकाच खेळातले, एकाच दर्जाचे खेळाडू, पण प्रत्येकाचा पट्टा निराळा. त्या पट्ट्यात असला की तो खेळतो. खाली गेला तरी बिघडतो, वर गेला तरी बिघडतो. तेव्हा “शांत राहा” हा उपदेश सर्वांना एका मापाने वाटणे म्हणजे घरातल्या सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा देण्यासारखे झाले.

राहिली भाचीची आपोआप दाबणारी बोटे. या दुखण्याला धनुर्धारी मंडळी ‘टार्गेट पॅनिक’ म्हणतात आणि ते जगभर आहे. मोठमोठ्यांना ते झाले आहे. ठिपका पिवळ्यावर आला, की कोणाचा हात लगेच सुटतो, कोणाचा उलट गोठतो. कोणाला तर ठिपका पिवळ्यावर नेताच येत नाही, खालीच अडकून राहतो. यात नुसती भीती नसते. शेकडो वेळा ‘ठिपका आला, बाण सोडला’ असे करून दोहोंची अशी गाठ बसते, की पहिली गोष्ट झाली की दुसरी विचारायला थांबत नाही. आणि जितके आपण त्या बोटावर पहारा ठेवू तितके ते अधिक बिथरते.

या पहाऱ्याबद्दल रिचर्ड मास्टर्स यांचा १९९२ सालचा गोल्फवरचा प्रयोग वाचण्यासारखा आहे. नवशिक्यांना चेंडू हलकेच ढकलून खळीत घालायला शिकवायचे होते. काहींना पुस्तकातले सगळे नियम वाचायला दिले, मनगट असे, खांदा असा. काहींना नियम मुळीच नाहीत. उलट खेळताना तोंडाने अक्षरे बडबडायला लावली, म्हणजे नियम मनात जमूच नयेत. पुढे पैशाचे आमिष आणि पारखी माणसाची नजर असा दाब आणला. नियमवाले अडखळले. बडबडणारे सुधारतच राहिले. दाब आला, की माणूस हाताने येणारी गोष्ट डोक्याने करू पाहतो आणि फसतो. जिना उतरताना प्रत्येक पायरीवर कोणता पाय हे ठरवू लागलात तर तुम्हीही पडाल.

टार्गेट पॅनिकवरचा जुना उपाय सांगितला, तर वाचकांना हसू येईल. लक्ष्यच काढून टाकायचे. दोन-तीन मीटरवर नुसता गवताचा किंवा फोमचा कोरा ठोकळा, त्यावर कागद नाही, पिवळे नाही, गुण नाहीत. प्रसंगी डोळेही मिटून घ्यायचे. नुसते ओढायचे, थांबायचे, सोडायचे. दुसरा उपाय याच्या उलटा. पिवळ्यावर नेम धरायचा, मोजत थांबायचे आणि बाण न सोडताच धनुष्य उतरवायचे. महिनोन्‌महिने. यात गुण पडत नसल्यामुळे डायरीत लिहायला काहीच राहत नाही.

मी भाऊजींना फोन केला आणि हे सगळे सांगितले. ते शिक्षक आहेत. शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, “पण आकडा नाही तर कळणार कसं, सुधारली की बिघडली?” प्रश्न चुकीचा नव्हता. मला उत्तर देता येईना. मग मी त्यांना प्रथमेशचीच दुसरी गोष्ट सांगितली, जी बुलढाण्यात शांघायइतकी सांगितली जात नाही.

शांघायनंतर चार महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, मेक्सिकोतल्या हर्मोसियो गावी जागतिक चषकाची अखेरची फेरी झाली. उपांत्य सामन्यात पुन्हा समोर श्लोसर. एकदा हरवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा हरवणे पहिल्यापेक्षा अवघड असते. पहिल्या वेळी तुमच्याकडून कोणी अपेक्षा केलेली नसते. प्रथमेशने पंधराच्या पंधरा बाण दहात घातले. १५० विरुद्ध १४९. अंतिम सामना डेन्मार्कच्या मथियास फुलर्टनशी. दोघांचे गुण १४८. बरोबरी! निर्णय एका बाणावर. फुलर्टनचा बाण दहात. प्रथमेशचा बाणही दहात. मग पंचांनी मापून पाहिले, मध्याच्या अधिक जवळ कोणाचा. फुलर्टनचा होता. सुवर्ण त्याला गेले, रौप्य बुलढाण्याला आले.

“आता सांगा भाऊजी,” मी म्हणालो, “त्या शेवटच्या बाणाला तुमच्या डायरीत काय लिहाल? हरला असे लिहाल?”

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “दहा लिहीन.”

एवढ्यावर सगळे सुधारले असे मी म्हणणार नाही. ताईचा नवस कायम आहे. पण कोरा ठोकळा गच्चीवर आला. सहा महिने पोरीने त्याच्यापुढे उभे राहून बाण सोडले, भाऊजींनी डायरी खाली ठेवली आणि मधल्या काळात मी तिला आणखी एक गोष्ट सांगून ठेवली. अमेरिकेत ॲलिसन वुड ब्रूक्स नावाच्या बाईंनी २०१४ साली एक प्रयोग छापला. अनोळखी माणसांपुढे गाणे म्हणायचे, आणि त्याआधी मोठ्याने एक वाक्य उच्चारायचे. काहींनी ‘मी घाबरलोय’ म्हटले, काहींनी ‘मला हुरूप आलाय’. दोघांच्याही छातीत धडधड होतीच. पण हुरूपवाल्यांची गाणी सरस झाली. धडधड तीच; तिला हाक कोणत्या नावाने मारली यावर फरक पडला. भाची म्हणाली, “मामा, मी हुरूप बिरूप म्हणणार नाही. मी म्हणीन, आली का तू?” म्हटले, हे तर त्याहून चांगले. धडधडीला घरच्या पाहुणीसारखे वागवायचे; हाकलायचे नाही आणि धनुष्यही तिच्या हातात द्यायचे नाही.

या वर्षीच्या स्पर्धेला मी मुद्दाम गेलो. खामगावहून बोथ्याच्या जंगलातून वर घाटावर येईपर्यंत माझ्याच पोटात गोळा आला होता. मैदानाच्या कडेला एक कडुनिंब आहे. भाऊजी त्याखाली चहा घेऊन बसले. दुर्बीण घरी होती. पहिल्या तीन बाणांना ते उठून उभे राहिले; मी त्यांचा सदरा धरून खाली बसवले. त्यांचा चहा बशीत सांडला आणि तसाच राहिला. मी त्यांच्या मनगटावर बोट ठेवून ठोके मोजले. १२६! पोरीचे मोजायला हवे होते, पण ते यंत्र आमच्याकडे नव्हते.

छत्तीस बाण संपले. ३२१. सातवी आली. ती धनुष्य स्टँडवर ठेवून आमच्याकडे आली, वडिलांकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणाली,

“मामा, आज मी दाबलं. सगळे मीच दाबले. शेवटच्या फेरीतले दोन मात्र आपोआपच गेले.”

भाऊजींनी तिच्याकडे कप सरकवला आणि विचारले, “कोणते दोन?”

ती सांगू लागली.